परवानगी मागणाऱ्या रूथबाई

राधानगरीच्या आमच्या दवाखान्यात कोल्हापूरहून येणाऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला. "सिस्टर, तुमच्या रूथबाई गेल्या. दुपारी माती हाय." मी त्याच गाडीनं कोल्हापूरला निघाले. अंगावरचा युनिफॉर्मसुद्धा बदलला नव्हता, हे रंकाळा दिसायला लागला तेव्हा लक्षात आलं. मग वाटलं, बरंच झालं. बाईंनी मला याच कपड्यांत जास्त पाहिलं होतं…

रूथबाई मिशनच्या इस्पितळात मेट्रन होत्या आणि मी मुरगूडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, तिथं नर्सिंग शिकायला आलेली. आमच्या घरात येशूचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी थर्मामीटर मिळेल म्हणून मी उत्सुक होते. बाईंनी हातात बेडपॅन दिलं. मी नाकाला पदर लावला, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रभूनं कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, हे चर्चमध्ये बसून ऐकायला गोड वाटतं गं. इथं वास येतो, एवढाच फरक." आणि शेजारच्या खाटेखालचं भांडं त्यांनी स्वतः उचललं.

माझं शिक्षण निम्मं झालं असेल, तेव्हा सफाई कामगारांनी संप केला. हातमोजे, गमबूट आणि कपडे बदलायला एक खोली, एवढंच त्यांचं मागणं होतं. बाईंनी ते कमिटीपुढे कितीतरी वेळा मांडलं होतं. कमिटी ऐकून घ्यायची आणि पुढच्या विषयाकडे वळायची. आता मात्र अध्यक्षसाहेबांनी लगेच हुकूम सोडला की नर्सिंगच्या मुलींना कामाला लावा, सगळं इस्पितळ झाडून घ्या. बाईंनी आम्हाला बरोबर घेतलं आणि थेट फाटकापाशी गेल्या. संपावरच्या बायका तिथं लिंबाखाली बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, आता त्यांना बोलणी बसणार. पण बाई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीसकट त्यांच्यासमोर मातीत बसल्या.

"तानूबाई," संपाचं पुढारपण करणाऱ्या कामगारणीला त्या म्हणाल्या, "तुमचा संप मोडायचा नाही मला. पण वॉर्डात माणसं पडून आहेत. त्यांची भांडी आम्ही धुतली तर चालेल का?"

तानूबाई बघतच राहिल्या. "आमास्नी इचारताय व्हय?"

"काम तुमचं आहे. मग कुणाला विचारू?"

बायकांची आपापसात कुजबुज झाली. मग तानूबाई ठसक्यात म्हणाल्या, "पेशंटचं तेवढं करा. हापिसातलं आन् सायबांच्या बंगल्यातलं करायचं न्हाय."

"नाही करणार," बाई म्हणाल्या, आणि शब्द पाळला. पदर खोचून त्या पुरुषांच्या वॉर्डापासून सुरुवात करायच्या, आम्ही मागोमाग. वॉर्ड लख्ख राहिले. ऑफिसात मात्र बसवेना. अध्यक्षसाहेब तणतणत आले, "मेट्रन, ऑफिसचे संडास तुंबलेत." बाई शांतपणे म्हणाल्या, "हो साहेब. तिथं पेशंट नाहीत." त्यानंतर लवकरच कमिटीनं मागण्या मान्य केल्या.

पण बाईंची खुर्ची गेली. बाहेरून नव्या मेट्रन आणल्या आणि रूथबाईंना पुरुषांच्या वॉर्डात साध्या सिस्टरच्या जागेवर पाठवलं. त्या राजीनामा देतील अशी सगळ्यांची खात्री होती. एकदा चादरी ठेवायच्या खोलीत मी गेले, तर बाई पाठमोऱ्या उभ्या राहून घड्या घालत होत्या आणि रडत होत्या. मला पाहून डोळे पुसले, पण लपवलं काही नाही. "दुखतं गं. मानाची सवय लागली होती मला, कळलंच नव्हतं…" थोडं थांबून म्हणाल्या, "पाय धुतले त्या रात्री प्रभूला धरून देणारा शिष्यही त्यांच्यात बसला होता. त्याचे पाय हातात घेताना प्रभूला काय वाटलं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता." मग तोंड धुऊन त्या नव्या मेट्रनकडे गेल्या आणि त्यांना एकेक वॉर्ड हिंडून दाखवला. पुढं निवृत्त होईपर्यंत त्या वॉर्डातच राहिल्या. नव्या मेट्रन फेरीला आल्या की बाई उठून उभ्या राहायच्या. त्या उठण्यात टोमणा असा कधी दिसला नाही. अडचण आली की त्या मेट्रनही पुरुषांच्या वॉर्डाकडेच चालायला लागायच्या.

गेल्या आठवड्यात चर्चमागच्या हॉलमध्ये बाईंसाठी स्मरणाची प्रार्थना झाली. पाळकांनी बोलायला सांगितलं, तेव्हा तानूबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. "मला भाषण येत न्हाय," त्या म्हणाल्या. "मला समद्यांनी काम सांगितलं. बाईंनी इचारलं." एवढंच बोलून बसल्या.

नंतर टेबलावर चहाची किटली आणून ठेवली गेली. आम्ही सगळ्याजणी आपापल्या जागी बसून राहिलो… कुणी उठेचना. कुठल्याही बैठकीत, वाढदिवसाला, नाताळात चहा नेहमी बाईच ओतायच्या, आणि आम्ही त्याच सवयीनं वाट बघत होतो. शेवटी मी उठले. तानूबाईंपासून सुरुवात केली, दारात उभ्या असलेल्या इस्पितळाच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना दिला. कुणी साखर मागितली, कुणाला बशी हवी होती, कुणी हात धरून बाईंची एखादी आठवण सांगत बसलं. सगळ्यांचं झाल्यावर किटलीत उरलेला माझ्या कपात ओतला आणि तोंडाला लावला.

गार होता. बाई इतकी वर्षं असाच चहा पीत होत्या.