आत्याच्या फोटोला हार

आमच्या आत्याच्या घरात भिंतीवर जागा मिळवायची तर आधी मरावं लागतं. सासू, सासरा आणि नवरा ओळीनं टांगलेत, प्रत्येकाला चंदनाचा हार. आत्याचा स्वतःचा एकुलता एक जुना फोटो मात्र ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. "भिंतीवर चडलं की मानूस गेलं," हे तिचं ठाम मत.

तिचं गाव सोलापूरजवळ, माळढोक अभयारण्याच्या कडेला. फोटो तिथल्याच माळावरचा. तरणी आत्या, हातात काठी, मागं मेंढरं आणि तोंड उघडं. बघणाऱ्याला वाटतं गाणं म्हणतेय. ती शिव्या देत होती. माळढोकाचा फोटो काढायला आलेल्या एका पाहुण्यानं तिला मेंढरं बाजूला घ्यायला सांगितलं होतं. तेवढ्यात पक्षी उडाला, मग त्यानं हिचाच फोटो काढला आणि आठवणीनं धाडलाही. पुढं माळ अभयारण्यात गेला, चराई बंद झाली, मेंढरं विकावी लागली. तेव्हापासून त्या पक्ष्याचं नाव काढलं की आत्या पदर खोचूनच बोलते.

यंदा गावातल्या हॉलमध्ये माळावरच्या जुन्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. आत्याचा फोटो तिथं लागायलाच हवा, असं मी घेतलं डोक्यात. जिकडं तिकडं पक्ष्याचीच चित्रं, माणसांना कुणी विचारत नाही, हा माझा जुना राग. आत्या काही केल्या ट्रंक उघडेना.

"हार घालनार न्हाईत नव्हं?" शेवटी ती म्हणाली. "तुज्या भरवशावर देते बग."

मी तिच्याच गळ्याची शपथ घेतली. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

उद्घाटनाच्या सकाळी तिला घेऊन आत शिरले आणि बघते तर काय! झाडून सगळ्या फोटोंना झेंडूचे हार, खाली उदबत्त्या. फोटोतली आत्या गळ्यापर्यंत झेंडूत बुडालेली. एक म्हातारी त्या फोटोला हात जोडून वळली, समोर खरी आत्या बघितली आणि किंचाळलीच.

हारांची पाटी घेऊन माझा चुलतभाऊ शेजारीच उभा होता.

"काय केलंस हे, शहाण्या?"

"उद्घाटन हाय की ताई. हार नको व्हय? आन् ही तरनी आत्या मला वळखूच आली न्हाई. जुनं फोटो म्हनल्यावर वाटलं समदी..." त्याला माझ्यामागं आत्या दिसली. तो उदबत्ती विझवायला धावला.

मला रडूच कोसळलं. एवढं विश्वासानं दिलं होतं तिनं.

आत्या पुढं झाली. फोटोवरचा हार तिनं उतरवला, स्वतःच्या तरण्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं. "मी हाय की अजून," ती म्हणाली. मग हार हातात धरून तिनं सगळ्या हॉलवर नजर फिरवली.

कोपऱ्यात माळढोकाचा मोठा फोटो होता. त्याला तेवढा हार नव्हता. पाखराला कोण हार घालतंय? तो गावात कुणाला दिसून आता बरीच वर्षं झालीत.

आत्या तिकडं गेली, टाचा उंचावून तिनं तो हार त्याच्या फोटोला घातला आणि नीट सारखा केला.

"मेल्या, तुज्यापायी आमी मेंढरं इकली," ती त्याला म्हणाली. "तू तरी ऱ्हायचास की."