बारीक दोन

झाशीत आमच्या बायकांच्या गटाची पत्रकं मी लिहिते, आणि सदर बाजारातल्या एका डीटीपीच्या दुकानात बसून मीच ती संगणकावर जुळवते. आमचा एक नियम आहे: बारीक अक्षर नाही. बारीक अक्षरात कर्जाच्या अटी असतात, फीवाढ असते. ज्याला लपवायचंय त्याने बारीक लिहावं!

त्या वर्षी झाशीजवळच्या बबीन्यातल्या एका शाळेने फतवा काढला, अकरावीत गणित हवं असेल तर मुलींनी आधी चाचणी द्यायची. मुलांनी नाही, फक्त मुलींनी. आम्ही पत्रक काढलं, फाटकाशी घोषणा दिल्या. काही हललं नाही. तेव्हा ठरवलं, ठीक आहे, चाचणी देऊ आणि पोरी पास करून दाखवू. संध्याकाळी मी त्यांना इंग्रजी शिकवतच होते, गणित मात्र माझं कच्चं. जुन्या पुस्तकांतली गणितं उतरवून सरावाची पुस्तिका मी संगणकावर बसवली आणि चाचणी दोन दिवसांवर आली असताना पोरींना दुकानात बोलावलं.

छापण्याआधी मोठ्याने वाचायचं, ही आमची पद्धत. सगळ्यांत चुणचुणीत पोर वाचायला बसली. वाचता वाचता उत्तरंही सांगत सुटली. मी खूश! म्हटलं, बघा, म्हणे मुलींना गणित झेपत नाही.

मग ती थबकली. "दीदी, ये तो सब मुँहज़बानी हो गए. और ये x के बाद वाला दो ज़मीन पर काहे बैठा है?"

दुकानवाले भैया माझ्या खांद्यावरून डोकावले; मला ते बिन्नू म्हणतात, म्हणजे ताई. "काए बिन्नू, सबके वर्ग नीचे उतार दए?"

"बारीक होते," मी म्हटलं. "दिसत नव्हते. सगळे एका मापाचे केले."

"दीदी ने समानता ला दी!" पोर ओरडली. लग्नपत्रिका छापायला आलेले एक काकासुद्धा पोट धरून हसले.

मी तरी वाद घातलाच. एवढ्याशा दोनाला कोण विचारतं? ती म्हणाली, "छोटा है, पर x को x से गुणा करवाता है. आपने बड़ा किया, तो बस दुगना रह गया."

मी पुस्तिकेचं पहिलं पान पुन्हा उघडलं.

भैयांनी समीकरणांची वेगळी खिडकी उघडून दिली. एकेक गणित तिथे न्यायचं, x च्या डोक्यावरच्या इवल्याशा चौकटीत दोन बसवायचा, परत पानावर आणायचं. कीबोर्ड पोरीने माझ्याकडून काढूनच घेतला. मी वाचायचे, "x का वर्ग?" बाकीच्या ओरडायच्या, "ऊपर!" थोड्या वेळाने भैयाही ओरडू लागले, मग काकाही. पत्रिकेतला मुहूर्त तपासायचं ते विसरूनच गेले. मानिक चौकात मी इतक्या सभा घेतल्या, इतका खणखणीत प्रतिसाद कधी मिळाला नाही. घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी तुला शिकवलं."

निकाल लागला त्या दुपारी मी दुकानातच होते. बबीन्याची ऑटो थांबायच्या आधीच पोरी बाहेर लोंबकळून ओरडत होत्या, "x का वर्ग?"

"ऊपर!" भैया खुर्चीवरून उठूनच ओरडले.

सगळ्यांना गणित मिळालं. आम्ही नाचलो, चक्क फुटपाथवर, आणि रस्त्यातल्या स्कूटरवाल्यांनी हॉर्न वाजवून शिव्या दिल्या. पण फतवा अजून तसाच होता, पुढच्या वर्षीच्या पोरींसाठी. म्हणून लगेच बसले आणि नवं पत्रक जुळवायला घेतलं. मथळ्यात x² टाकला. दोन बारीकच ठेवला.