थर्मोकोलचा डबा

लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी दहा वाजता, उदगीरच्या अलीकडे आमची बस रास्ता रोकोत अडकली. मागणी उदगीरच्या नव्या जिल्ह्याची होती. माझ्या मांडीवर थर्मोकोलचा डबा होता. आत बर्फ आणि थोरल्या भावाचे रक्त.

भाऊ मुखेडला शिक्षक. रक्ताच्या कर्करोगावर लातुरात उपचार चालू होते. आठवडाभर ताप उतरला नाही, मग फुप्फुसात डाग दिसला. डॉक्टरांना बुरशीचा संशय होता. बुरशी शरीरात पसरली, की तिच्या कवचातले साखरेचे रेणू रक्तात उतरतात. ते शोधणारी प्रयोगशाळा हैदराबादला.

"यकृत आधीच खराब आहे. खात्री नसताना बुरशीचं औषध दिलं, तर औषधानंच जातील," डॉक्टर म्हणाले. नमुना थंड ठेवून नातेवाइकांनीच पोचवायचा होता.

मी उदगीरचा वार्ताहर. रास्ता रोकोची बातमी मीच दिली होती, वेळेसकट. निलंग्यावरून दुसरी बस होती. पण ती उशिरा पोचायची, आणि पत्रकाराला वाट मिळेल असे मी धरून चाललो.

खाली उतरलो. ओळखीचा कार्यकर्ता पुढे आला.

"साहेब, एकबी गाडी सुटनार न्हाई, हे तुमीच छापलंय की! डब्यात काय, बिर्याणी?"

"रक्त हाय, भावाचं. तपासायला हैदराबादला चाललोय. बर्फ वितळायलाय."

त्याचे हसू गेले. "मंग? ह्याच्यासाठीच तर जिल्हा पायजे, साहेब." मागे वळून त्याने तेच ओरडून सांगितले. घोषणा वाढल्या.

बस एक वाजता सुटली. उदगीरला बर्फ शोधला. पाणीटंचाईमुळे बर्फाचे कारखाने बंद ठेवले होते. तीही बातमी माझीच होती.

हैदराबादला काउंटरवरच्या बाईंनी डबा उघडून नळीला हात लावला. "पूरा गरम है, भाई. नहीं चलता." त्यांनी पावतीवर शिक्का मारला : नमुना नाकारला.

बुधवारच्या अंकात रास्ता रोकोची माझी बातमी होती. शेवटचे वाक्य सवयीचे : कुठेही अनुचित प्रकार घडला नाही.

गुरुवारी भावाचे पुन्हा रक्त घेतले. ते मी निलंग्यावरून नेले. नमुना स्वीकारला गेला.

भाऊ शनिवारी सकाळी गेला.

अहवाल सोमवारी दुपारी आला. रेणू आढळले होते.