वॉचमनने पुरलेले हिरे

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं गरगरतं. चोरीला नेमकं काय गेलं हेच आम्हाला कळलं नव्हतं, आणि ते शोधायला मात्र आम्ही अर्धं नाशिक पालथं घातलं. मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच देत नाही. त्या माणसांना आधीच पुरेसा ताप झालाय.

एका सकाळी पाथर्डी फाट्याकडचा एक ठेकेदार फिर्याद द्यायला आला. नव्या इमारतींच्या स्लॅबला पाइपांसाठी गोल भोकं पाडून देणं हा त्याचा धंदा. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमधून त्याचे भोकं पाडायच्या मशिनला लावायचे दोन डायमंड बिट गेले होते. ठाणे अंमलदाराने विचारलं, "डायमंड म्हणजे?" ठेकेदार घाईत होता. म्हणाला, "हिरे असतात हो त्यात. नाहीतर काँक्रीट कापतंय कोण?" झालं! फिर्यादीत 'हिरे बसवलेली दोन अवजारे' असं आलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर 'बांधकामावरून हिरे लंपास' अशी बातमी फिरायला लागली. वरिष्ठांचा फोन आला तोही हिरे सापडले का, असं विचारायलाच.

त्याच संध्याकाळी आमच्या खबऱ्याने टिप दिली. सराफ बाजारात एक खेड्यातला माणूस हिऱ्याचा भाव विचारत फिरत होता. वर्णनावरून तो त्याच साइटचा वॉचमन निघाला. पन्नाशीचा, पेठ तालुक्यातला, बायकोसह साइटवरच राहणारा. आता सांगा, हिरे चोरीला गेलेत आणि तिथलाच वॉचमन भाव काढतोय! त्याला चौकशीसाठी आणला.

त्याच्या खिशात नखाएवढा एक धातूचा तुकडा निघाला. "चिखलात घावला साहेब," तो म्हणाला. "मशिनवाले म्हनले यात हिरा हाय. मंग सराफाला दावला. तो लय हासला." आमच्या हवालदाराने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. "बाबा, हे लोखंड झालं. हिरे कुठेत?"

कुणी त्याच्यावर हात उगारला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. प्रश्न मात्र तोच. हवालदाराने विचारला, मी विचारला, गुन्हे शोध पथकाच्या पोरांनी विचारला. तो म्हणायचा, "मी नाय घेतले." त्याची बायको आवाराबाहेर कडुनिंबाखाली बसून होती. तिला आम्ही बोलावलं नव्हतं, पण घरी जा म्हटलं तरी ती हलत नव्हती. दुपारी त्याने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं.

"साहेब, ती कालधरनं जेवली नाय. मी घेतले म्हनलं तं ती घरी जाईल ना?"

"घेतले असशील तर घेतले म्हण," मी म्हटलं.

"मंग घेतले."

"किती?"

"तुमी म्हनाल तेवढे."

हवालदार माझ्याकडे पाहायला लागला, मी हवालदाराकडे. पण कबुली ती कबुली. दोन पंच बोलावले, निवेदन लिहून घेतलं आणि गाडी काढली. गंगापूर धरणाच्या अलीकडे एका बाभळीखाली त्याने जागा दाखवली. खोदलं. मुरूम निघाला. मग म्हणाला, "हितं नाय, मखमलाबादच्या पाटाजवळ." तिथे खोदलं, तर कुणाची तरी फुटकी घागर निघाली. पंचांपैकी एक चहावाला होता. तो तोंडातल्या तोंडात आम्हाला शिव्या घालत होता आणि मला त्या ऐकू येत होत्या. सगळ्यात उत्साहाने खोदत होता तो आरोपीच. "जरा डावीकडं बघू," असं वर आम्हालाच सांगत होता.

परत आल्यावर मी वैतागून विचारलं, "अरे, दिसायला कसे होते ते तरी सांग."

"हरभऱ्यायेवढे. पांढरे. नथीतल्या खड्यावानी चमकत्यात."

मी ठेकेदाराला बोलावून हे वर्णन ऐकवलं. त्याने कपाळाला हात लावला. "अहो साहेब, दागिन्यातले हिरे कशाला असतील त्यात? हे कारखान्यात तयार केलेले, रव्यापेक्षा बारीक. धातूच्या भुकटीत कालवून, दाबून त्याचे तुकडे करतात आणि ते पाइपाच्या तोंडाला जोडतात. फोडलंत तर हातात काळी पूड येईल." मग त्याची नजर माझ्या टेबलावर गेली. "हा काय, हा त्यातलाच तुकडा. काम करताना निसटून पडतात."

"म्हणजे हिरे खोटे?"

"खोटे असते तर काँक्रीट कापलं असतं का?"

खात्री करावी म्हणून मी हवालदाराला घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेलो, आणि होतं नव्हतं ते डोकंही तिथे गेलं. सराफ म्हणाला, "कारखान्यातले हिरे हल्ली अंगठीतसुद्धा बसवतात. खाणीतल्या हिऱ्यासारखेच चमकतात. आमच्या दुकानातलं साधं यंत्र दोघांनाही हिराच म्हणतं. फरक काढायचा तर प्रयोगशाळेत पाठवावं लागतं."

"मग बिटातलेही तसलेच असतील?"

"छे छे! ते वेगळे. फुकट दिलेत तरी मी घ्यायचो नाही."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, खरे म्हणजे नक्की कुठले? आणि आपण आता खोदायचं का थांबायचं?"

"गप रे बाबा," मी म्हटलं. मलाच कुठे कळत होतं!

पण गाडीत बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. हिरे काढताच येत नसतील, तर तो बिट चोरून उपयोग कुणाला? ज्याच्याकडे भोकं पाडायचं मशिन आहे त्यालाच. ठेकेदाराला फोन लावला. त्याचा मशिनवाला आजारी म्हणून रजेवर होता आणि एक जुनं मशिन त्याच्या घरीच असायचं. घरी माणूस पाठवला तर कळलं, आजारी गडी इगतपुरीला गेलाय. तिथे एका बंगल्याच्या कामावर तो आम्हाला सापडला, अगदी ठणठणीत. भिंतीवर मशिन सुरू होतं, राखाडी पाणी वाहत होतं, एक बिट मशिनला आणि दुसरा पोत्यात. "साहेब, काम झालं की परत ठेवणारच होतो हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. पंचनामा करून मुद्देमाल जप्त केला.

वॉचमनला सोडताना मी विचारलं, "तू काही घेतलंच नव्हतंस, तर जागा कशा दाखवल्यास?"

तो ओशाळला. "तुमी येवढी शिकलेली मानसं खोदत होता. मला वाटलं, आसतीलच कुठं तरी."

मला हसू आलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट.

कागदोपत्री तो सुटला. पण त्याच्या कबुलीची बातमी मोबाइलवर फिरली होती. सुटल्याची कोण फिरवतो? बिल्डरने त्याला कामावरून काढलं आणि नवरा-बायको गावी गेले. काही महिन्यांनी बंदोबस्ताला पेठकडे गेलो होतो, तेव्हा मुद्दाम त्याच्या घरी वाकडी वाट केली. घराच्या कुडाखाली चारी बाजूंनी उकरलेलं होतं. त्याची बायको खड्डे बुजवत होती.

"तुमच्या कागदावर सुटले," ती ताडकन म्हणाली. "हितं कोन सोडतं? बाजाराला गेलं का मागं गाववाले येऊन खनत्यात. काल चूल उकरली."

मी गावकऱ्यांना मारुतीच्या देवळापुढे जमवलं आणि वर्दीतला आवाज लावून सगळं समजावून सांगितलं. रवा, भुकटी, इगतपुरी, सगळं. हिरे नव्हतेच, म्हणालो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारबाबा म्हणाले, "बराबर हाय साहेब. पन तुमच्या वाट्याला किती आले?"

लोक खदखदून हसले. तेवढ्यात मागून वॉचमन उठला. माझ्याकडे न बघता, जरा वैतागूनच म्हणाला, "साहेबाला कुठले घावायला! घरात नाय ठिवले मी. वढ्याच्या पल्याड, काळ्या खडकाच्या बुडी हायेत."

मी गाडी सुरू करेपर्यंत चौघेजण पहारी घेऊन ओढ्याकडे निघाले होते. त्याच्या घराकडे कुणी फिरकलंही नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माणसांकडून खरं काढायला शिकलो होतो. पण ज्याने 'आहे' म्हणून मनाशी ठरवलंय, त्याला 'नाही' सांगून काही मिळत नाही, त्याला खोदायला दुसरी जागा द्यावी लागते, हे मला त्या वॉचमनने शिकवलं.