सासूबाई, मी आणि कादंबरीतला विक्रम

गेल्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कुसगावच्या आमच्या घरातला टीव्ही बंद झाला. डोळ्यांना ताण नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काळा चष्मा लावून त्या दिवसभर पलंगावर बसायच्या आणि कंटाळून माझ्यावर चिडायच्या...

मी शाळेत गणित शिकवते. दुपारी घरी आलं की चहा आणि कादंबरी, हा माझा ठरलेला कार्यक्रम. आणि कादंबरी म्हणजे... डार्क रोमान्स, सायकॉलॉजिकल थ्रिलर. जिच्यावर प्रेम तिचाच पाठलाग करणारा हिरो, आणि सगळं कळूनही त्याच्याकडे ओढली जाणारी ती. स्टाफरूममध्ये यावरून माझी भरपूर चेष्टा होते. होऊ दे.

मला ही पुस्तकं का आवडतात, ते मला पक्कं ठाऊक आहे. दिवसभर मी अशी गणितं शिकवते, ज्यांची उत्तरं मागच्या पानांवर छापलेली असतात. इथे मात्र ज्याच्या मिठीत ती आहे तोच खुनी आहे की काय, याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. भीती आणि ओढ एकाच श्वासात... शिवाय कुणीतरी कुणासाठी इतकं वेडं होणं! आमच्याकडे नवऱ्याचा फोन येतो तो 'दूध आणू का' विचारायला. माणूस सोन्यासारखा आहे, पण छातीत धडधड काही होत नाही.

तर एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "काय वाचती एवढं? मलाबी सांग की."

पुस्तक इंग्रजी, म्हणून मी मराठीत सांगत गेले. नावं अवघड होती, तेव्हा नायिकेची माया केली आणि हिरोचा विक्रम. माया एकटी राहणारी, विक्रम समोरच्या घरात आलेला देखणा डॉक्टर. तिनं न सांगताच तिला काय आवडतं ते त्याला कळायचं... कारण तो गुपचूप तिचा फोन वाचायचा.

सासूबाई पहिल्याच दिवशी विक्रमवर फिदा. जिथे ते दोघं फारच जवळ यायचे, तिथे मी पानं गाळून 'मग सकाळ झाली' म्हणायची. दोन-तीनदा त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रोज लगीच सकाळ कशी काय व्हती गं?" मला चहाचा ठसका लागला...

पुढे विक्रम मायाच्या मैत्रिणी एकेक करून तोडायला लागला, तेव्हा मात्र त्या ताठ बसून ऐकायला लागल्या. हसणं बंद.

पुस्तक संपलं आणि त्याच रविवारी आम्ही इंदुरीला नणंदबाईंकडे जेवायला गेलो. त्यांच्या मुलीचं, ऋताचं लग्न जमलेलं, साखरपुड्याची तारीख ठरवायची होती. जेवताना ऋताला त्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन फिरवून सगळ्यांना दाखवलं... हे मामा, ही मामी, ही आजी. फोन ठेवला, आणि थोड्या वेळानं परत तेच.

नणंदबाई कौतुकानं म्हणाल्या, "लय जीव हाय त्याचा. कुटं हाय, कुनासंगं हाय, समदं इचारतो. ऑफिसातल्या मैत्रिनींचा ग्रुपबी सोडाया लावला. म्हनला, मी हाय ना."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आधीच माझ्याकडे बघत होत्या.

"ऋता, हितं बस," त्या म्हणाल्या. "ग्रुप सोड म्हनला, तवा तुला कसं वाटलं?"

"प्रेम करतो गं आजी... म्हणून म्हणतो." आवाज अगदी बारीक.

"मायाबी आसंच म्हनत व्हती."

"कोण माया?" नवऱ्यानं विचारलं. मग मी थोडक्यात सगळी गोष्ट सांगितली. नणंदबाई वैतागल्या. एवढं चांगलं स्थळ, त्यात पुस्तकातलं काय काढता? पण ऋता नीट ऐकत होती. तीही असली पुस्तकं वाचते, हे मला तेव्हाच कळलं. म्हणाली, "पण मामी, शेवटी तो सुधारतोच ना?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "पुस्तक न्हाई आवडलं तर मिटून ठेवता येतं, पोरी. ह्याला कसा मिटशील?"

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. ऋतानं उचलला नाही. मेसेज यायला लागले... कुठे आहेस, उचल, उचल म्हणतो ना. शेवटचा मेसेज तिनं आईसमोर मोठ्यानं वाचला. "लग्न होऊ दे, मग बघतो तुझा माज."

नणंदबाईंच्या हातातला आमटी वाढायचा डाव तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, हात पुसला आणि म्हणाल्या, "दे हिकडं फोन."

साखरपुडा झाला नाही. भावकीत कुजबुज झाली. तो मुलगा काही दिवस ऋताच्या कंपनीच्या गेटबाहेर उभा राहायचा, तेव्हा माझा नवरा आणि तिचे वडील त्याच्या घरी जाऊन स्पष्ट बोलून आले. आता ते थांबलंय. ऋता पुन्हा मैत्रिणींबरोबर डबा खाते.

असल्या पुस्तकांनी बायका बिघडतात, असं परवाच कुणीतरी मला ऐकवलं. मला विक्रम आवडला होता, आजही आवडतो, आणि त्यात मला काहीही वावगं वाटत नाही. खुर्चीत बसून त्या भीतीची चव घेतली, म्हणून तर ती जेवणाच्या पंगतीत आली तेव्हा आम्हाला ओळखू आली.

पण खरी आभारी आहे ती सासूबाईंची. आम्ही सगळे 'मुलगा कसा आहे' एवढंच बोलत होतो... ऋताला काय वाटतं, ते त्यांनी विचारलं.