दमेकरी गाडी आणि हळदीचा नवरदेव

नगरहून निघालो तेव्हा गाडीची तब्येत ठणठणीत होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर सगळ्यांनी माझ्याच डोक्यावर फोडलं.

गाडी माझी स्वतःची. लढाईमुळे पेट्रोल कूपनावर मिळायचं, त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस ती परसात कोंबड्यांना सावली देत उभी असे. पण शांतवनच्या लग्नासाठी मी कूपनं जपून ठेवली होती. शांतवन माझा शाळेपासूनचा दोस्त. लहानपणीच आई गेली, त्याला वाढवलं मार्थाआत्यानं. तो पलटणीत मोटारी दुरुस्त करायचा. रजा संपली की बोटीत बसून लढाईवर जायचं होतं. नवरी बेलापूरची, रूथ नावाची. लग्न मंगळवारी दुपारी बेलापूरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये. दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, म्हणजे थेट ईस्टरपर्यंत लग्न नाही. पाद्रीसाहेबांना बुधवारच्या सकाळच्या उपासनेला नगरात हजर राहायचं होतं, म्हणून ते संध्याकाळच्या आगगाडीनं निघणार. थोडक्यात, मंगळवारी लग्न लागलं तर लागलं. नाहीतर शांतवन बिनलग्नाचा लढाईवर जाणार.

आदल्या दिवशी मी नेवाशाला आत्याकडे पोचलो. वाटेत जेऊरच्या अलीकडचा चढ गाडीनं असा काही घेतला, की मी स्वतःशीच शीळ घातली. नेवाशात हळदीची धामधूम चाललेली. जेवायला शेंगोळे (कुळथाच्या पिठाचे, कढणात शिजवलेले वेढे) आणि झणझणीत लसूण. इतके खाल्ले की उठायला भिंतीचा आधार लागला. आत्यानं गाडीला चक्कर मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाली, "लई झाक हाय रं तुझी गाडी. कुनाची नजर लागंल."

सकाळी निघालो. मागं हळदीनं पिवळाधमक शांतवन, अंगात नवा कोट. त्याच्या शेजारी आत्या, मांडीवर लाडवांचा डबा. मी एक्सलेटर दाबला. गाडी जागची हलेना. मग जरा विचार करून, म्हातारा माणूस जिना चढावा तशी निघाली. दाबलं की थांबायचं, वाट पाहायची, मग कुठं थोडा वेग यायचा. पायडलही घट्ट लागत होतं. मी म्हटलं, माझे बूट नवे आहेत, तळ कडक आहे.

"बुटाला काय झालंय? गाडी उचल घेत नाही," शांतवन मागून म्हणाला. "कार्बोरेटर बघ."

आता, माझं नगरात घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मोटार म्हणजे तरी काय, मोठं घड्याळच की! मी उतरलो आणि बॉनेट उघडलं. त्या गाड्यांचं बॉनेट दोन्ही बाजूंनी वेगवेगळं उघडतं. एका अंगाला प्लग, दुसऱ्या अंगाला कार्बोरेटर. मी प्लगचं अंग उघडलं. चारी प्लग काढून पुसले, फुंकले, वासही घेतला. परत लावले. गाडी होती तश्शीच.

"अरे, दुसरी बाजू उघड!" शांतवन ओरडला आणि स्वतःच दार उघडून पाय बाहेर टाकला. आत्यानं त्याची कॉलर धरली.

"हळदीच्या अंगानं तेलातुपात हात घालतूस व्हय? बस खाली! नवरदेवानं हत्याराला शिवायचं न्हाई."

"आत्या, पलटणीत मी हेच करतो."

"पलटनीत तुला हळद लावत्यात का?"

त्यानं पाय आत घेतला. आणि मी दुसरी बाजू उघडायला गेलो तर आत्या मलाही म्हणाली, "त्या अंगाला कशाला जातूस? तिथलं समदं बेस हाय." मलाही वाटलं, नवरदेवाचं ऐकून कशाला मान खाली घालायची? मग पेट्रोलमध्ये पाणी असेल असं ठरवून मी टाकीला कान लावला. टाकी काही बोलली नाही.

वाटेत जो भेटेल तो वैद्य. एक जण म्हणाला, "हिला दमा हाय." दुसरा म्हणाला, "पोट साफ न्हाई." सायकलवरून जाणाऱ्या एका मास्तरांनी आम्हाला मागं टाकलं आणि वर नमस्कारही केला. तो नमस्कार माझ्या अजून जिव्हारी लागलेला आहे.

प्रवरा नदी ओलांडायची होती. पाणी घोट्याएवढंच, त्यातून गाडी कशीबशी पार झाली. पण पलीकडच्या काठाला वाळूचा चढ. मी पायडलवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी दोन हात वर गेली, खोकली, आणि सावकाश मागं घसरत आली. पुन्हा गेलो, पुन्हा मागं. ऊन डोक्यावर आलं. बेलापुरात एव्हाना लोक देवळात जमले असतील. शांतवनचा चेहरा हळदीखालून पांढरा पडला.

"गजा," तो म्हणाला, "ती उभी असेल रे. सगळ्या गावासमोर."

वाळूत खरबुजांची वाडी (नदीच्या पात्रातला मळा) होती. तिथल्या शेतकऱ्याला हाक मारली. त्यानं गाडीकडे पाहून च्च च्च केलं.

"पान्यात घातल्यावर सर्दी व्हनारच की वो. थांबा, बैलं आनतो खळ्यावरनं. तवर दम खाऊ द्या तिला."

तो गेला. आम्हाला दम खायला एक खरबूज देऊन गेला. मी ते शांतवनला कापून दिलं. त्यानं फोड तशीच हातात धरली. मागं वळून पाहतो तर आत्या गाडीपाशी. बॉनेटची ती दुसरी बाजू उघडी, आत्याचं डोकं आत, आणि तोंडात काळा दोरा.

"आत्या! काय करताय?"

ती दचकली. "काय न्हाई रं. कालचा एकच बांधला हुता, त्यो पुरंना. नजर लई जबर दिसतीया. म्हनून दुसरा बांधते."

"कालचा? कुठं बांधला होता काल?"

"हितंच की, ह्या दांडीला. घट्ट बांधलाय, सुटायचा न्हाई." हे तिनं अभिमानानं सांगितलं.

मी आत पाहिलं. एक्सलेटरची दांडी आणि शेजारची नळी एकत्र गुंडाळलेली, सुताचे पीळच पीळ, आणि मधोमध पाचरीसारखा बसलेला काळाकुळकुळीत बिब्बा. पायडल दाबलं की दोरा ताणत ताणत दांडी जेमतेम बोटभर हलायची. घोड्याचे पाय बांधायचे आणि त्यालाच विचारायचं, बाबा पळत का नाहीस! मी मटकन वाळूत बसलो. शांतवन आला, पाहिलं, आणि इतका हसला की कोटाचं बटण तुटलं.

"कापून टाक!" तो म्हणाला.

"खबरदार!" आत्या कडाडली. "लगनाच्या आदी दोरा कापायचा न्हाई. आन् पाद्रीसायबाला सांगाल तर बघा. मला देवळात पुढच्या बाकावर बसवत्यात."

शेवटी तिनंच दातांनी गाठी सोडवल्या, आणि तोच दोरा बिब्ब्यासकट शांतवनच्या मनगटाला, कोटाच्या बाहीखाली बांधला. तो नको म्हणाला नाही.

माझ्या पायाला मात्र सकाळपासून सगळं वजन टाकायची सवय लागलेली. मी त्याच जोरानं दाबलं. गाडीनं अशी काही झेप घेतली, की चढ कधी आला आणि कधी गेला ते कळलंच नाही. वर बैल घेऊन येणारा शेतकरी बाजूला उडाला, बैल उधळले. "आरं, मग मला कशापायी धाडलं?" असं तो मागून ओरडत राहिला. बिचाऱ्याची माफी मागायची राहूनच गेली.

बेलापुरात देवळासमोर रूथ ओट्यावर बसली होती, डोळे लाल. पाद्रीसाहेब नुकतेच टांग्यातून स्टेशनकडे गेलेले. मी गाडी तशीच वळवली. स्टेशनच्या वाटेवर टांगा गाठला आणि गाडी आडवी घातली.

"सकाळी मला नगरात असलंच पाहिजे," पाद्रीसाहेब म्हणाले.

"मी पोचवतो. शब्द देतो."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. "ह्या गाडीतून? हीच ना ती, जिची आम्ही दुपारपासून वाट पाहतोय?"

पण बसले. परतताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. प्रार्थना करत असावेत. ऊन असतानाच लग्न लागलं. आत्या पुढच्या बाकावर, पदर तोंडाशी धरून.

परतीला पुढं पाद्रीसाहेब, मागं एकटी आत्या. शांतवन बेलापुरातच राहिला. रजा संपल्यावर तिथल्याच स्टेशनवरून तो जाणार होता. गाडी सुटली तेव्हा तो पार वळणापर्यंत हात हलवत होता. आत्यानं मात्र मागं पाहिलं नाही.

दिवस मावळत होता. पाद्रीसाहेबांनी सहज विचारलं, "गाडीला नेमकं झालं होतं तरी काय?"

मी खाकरलो. "जरा दम लागत होता, साहेब."

"खोटं बोलू नगंस," आत्या मागून म्हणाली. "सायेब, दोरा मीच बांधला हुता. बिब्बा घालून." आणि मग तिचा बांध फुटला. "गाडीची न्हाई वो, पोराची नजर. बोटीत बसून कुठं जानार त्यो, मला नावबी घेता येत न्हाई. प्रार्थना तर करतेच, रोज करते. पन हाताला कायतरी करायला नगं का?"

आता उपदेश ऐकावा लागणार म्हणून मी मान आत ओढून घेतली. पाद्रीसाहेब मागं वळले.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "अंगठी घालताना तो दोरा बाहेर आला होता. बाही मीच खाली ओढली."