अण्णांना मिळालेली जागा

त्या सकाळी मी प्रभूशी भांडले. प्रार्थनेसाठी हात जोडले आणि तोंडून भलतंच निघालं, "या माणसानं जन्मभर तुझं काम केलं, तू त्याला काय दिलंस?" माझे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, झोपेतच गेले होते.

अण्णा नगरकडून पेणच्या खाडीकाठी आले ते शुभवार्ता सांगायला. सायकलवरून मिठागरांवर जायचे, कुणाला तापाची गोळी द्यायचे, कुणाच्या मुलांना बाराखडी शिकवायचे. पण नव्वदचं दशक निम्मं सरलं तरी आमची मंडळी, म्हणजे प्रार्थनेला जमणारी सगळी माणसं, आमच्याच पडवीत मावत होती. त्यातलीही बरीच कुटुंबं रोह्याची, कंपनीत कामाला असलेली. ती रविवारी एस.टी.नं वडखळला उतरून यायची. एवढ्यासाठी का घरदार सोडलं, असं मला कायम वाटायचं.

शेजारच्या पार्वतीबाईला आमची गाणी सोसत नसत. ही एकटी राहणारी विधवा बाई. टाळ्या सुरू झाल्या की कुंपणाशी येऊन पातेलं बडवायची. "किती वरडता! तुमच्या देवाला आयकू येत नाय काय गो?" मी चिडायची, अण्णा हसायचे.

आमच्या मंडळीत तोवर लग्नं झाली, बाप्तिस्मे झाले, मरण मात्र कुणाला आलं नव्हतं. त्यामुळे दफनभूमीचा विचारच कुणी केला नव्हता. रोह्याला न्यावं तर अण्णांनी बजावून ठेवलेलं, "मला इथंच, या माणसांत ठेवा." चर्च बांधायला म्हणून खाडीच्या बांधालगत एक पडीक तुकडा मिळाला होता. मंडळीतल्या रोह्याच्या भावांनी सकाळीच येऊन तिथं खड्डा खणला. तेही मूळचे नगरकडचेच, कोरड्या मातीत वाढलेले. गावातली माणसं मयताला जमली तोवर काम उरकलंही होतं.

दुपारी शवपेटी घेऊन तिथं पोचलो आणि सगळे जागच्या जागी थिजलो. खड्डा गढूळ पाण्यानं काठोकाठ भरला होता. सकाळी ओहोटी होती, आता भरती लागली होती, आणि खारं पाणी मातीखालून वर आलं होतं. बादल्यांनी उपसलं तेवढंच पुन्हा भरलं. मग एक काठ ढासळून आत पडला. "पेटी तरंगंल," कुणीतरी पुटपुटलं. माझा नवरा तोंड झाकून खाली बसला. ऊन कलत चाललं होतं. सकाळी विचारलं त्याचं हे उत्तर, असं मला वाटलं आणि देवाची भीतीच वाटली.

तेवढ्यात पार्वतीबाई गर्दीतून पुढं आली. हिला आजही भांडायचंय की काय, माझ्या मनात आलं. तिनं खड्ड्यात डोकावून बघितलं.

"उचला म्हाताऱ्याला. माझ्या माळावर चला," ती म्हणाली. "कोरडी जागा हाय. माझी दोन पोरां पुरलीत तिथं."

तिची दोन लेकरं तान्हेपणीच गेली होती, हे शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं. अण्णांना होतं. माळ चढताना ती माझ्या बाजूनं चालत होती. "रोज दारावरनं जाताना इचारायचा, जेवलीस काय? पातेला बडवला त्या दिशीपन इचारायचा. मला दुसरा कोन इचारतो गो?"

दोन लहान दगडांशेजारी आम्ही अण्णांना ठेवलं. लोटमातीला आधी पार्वतीबाईनं मूठभर माती टाकली, मग सगळं गाव पुढं आलं. मी रडले ती तिथं, घरी नाही.

मी जागा मागितली नव्हती, जाब विचारला होता. तरी प्रभूनं जागा दिली, आणि दिली कुणाच्या हातून! पडवीतली माणसं मोजून मी अण्णांची सेवा मापत होते. त्यानंतर मोजणं सोडलं. आपण करावं, बाकी त्याच्या हाती सोपवावं, एवढं मला त्या माळावर कळलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दबक्या आवाजात गात होतो. टाळ्या वाजवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पार्वतीबाई कुंपणाशी आली, हातात पातेलं नव्हतं.

"आज काय झाला तुमाला?" ती खेकसली. "जरा मोठ्यानं गावा गो. वर माळावर आयकू जात नाय."